सेंट किल्डावरची शेवटची संध्याकाळ: परतीचं काम कधी, जेवण कधी, निघायचं कधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. ग्लासगोत राहणारं मराठी कुटुंब, नवरा-बायको, अकरा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि नाशिकहून आलेले अडुसष्ट वर्षांचे आजोबा. जुलैच्या पहिल्या आठवड्यात भाड्याच्या अडतीस फुटी शिडाच्या नौकेतून स्कॉटलंडच्या पश्चिमेला अटलांटिकमधल्या सेंट किल्डा बेटांवर जाणार, दोन रात्री व्हिलेज बेमध्ये नांगरून राहणार. शेवटच्या दिवसाचा बेत: दुपारी कॉनाखर हा डोंगर चढायचा, संध्याकाळी किनाऱ्यावर शेगडी पेटवून मासे भाजायचे, अंधार पडला की डिंगीतून, म्हणजे छोट्या होडीतून, नौकेवर यायचं, आणि पहाटे चारला नांगर उचलून हॅरिस बेटावरचं लेव्हरबरा बंदर गाठायचं. विचारलंय ते असं: हा बेत ठीक आहे का, की संध्याकाळीच निघून रात्रभर चालवत यावं?

पहाटे चार ही वेळ बरोबर आहे. बाकीचा बेत मात्र उलटा लावलेला आहे. डोंगर सकाळी, नौकेचं काम दुपारी, निघण्याचा निर्णय संध्याकाळी सहाला, आणि मग जेवण-भटकंती. शेगडी रद्दच. का, ते सांगतो.

मी आधी मर्चंट नेव्हीत होतो, आता बरीच वर्षं स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर लोकांना शिडाच्या नौका चालवायला शिकवतो. कुटुंबं सेंट किल्डाला जाताना फार काळजी घेतात. हवामान दहादा बघतात, याद्या करतात. पोचले की सगळं सैल पडतं. 'आता काय, घरीच तर जायचंय' या मनःस्थितीत शेवटची संध्याकाळ जाते. खरं तर तुमच्या सहलीतला सगळ्यात कठीण तुकडा त्यानंतर येतो: दमलेली माणसं, अर्धवट झोप, मोकळा अटलांटिक, आणि शेवटी खडकांनी भरलेली साउंड ऑफ हॅरिस ही सामुद्रधुनी. त्यामुळे ही संध्याकाळ सहलीचा शेवट म्हणून धरू नका, परतीच्या प्रवासाचा पहिला पहारा म्हणून धरा.

जागा नीट समजून घ्या. सेंट किल्डा हा नॉर्थ यूइस्ट बेटाच्या पश्चिमेला साधारण ६४ किलोमीटरवरचा द्वीपसमूह. हिर्टा हे मोठं बेट, शेजारी डून आणि सोए, ईशान्येला सहा-सात किलोमीटरवर बोरेरे. लेव्हरबरापर्यंत पन्नासच्या आसपास सागरी मैल धरा, म्हणजे पाच नॉटने दहा तास. मधे आसरा कुठेच नाही. डिझेल, गॅस, किराणा बेटावर मिळेल असं गृहीतच धरू नका.

आता व्हिलेज बे. हा उपसागर आग्नेयेकडे उघडा आहे. पश्चिमेचा, वायव्येचा वारा असेल तर डोंगराच्या आडोशाला छान राहता येतं. उत्तरेकडचा वारा जोरात असला तर कॉनाखरवरून खाली झोत कोसळतात, पण ते नौकेला खुल्या समुद्राकडे ढकलतात, किनाऱ्यावर नाही. खरा धोका दक्षिण ते पूर्व या पट्ट्यातल्या वाऱ्याचा. आणि गोम अशी की अटलांटिकवरून कमी दाबाचं क्षेत्र येऊ लागलं की त्याच्या पुढचा वारा नेमका दक्षिण-आग्नेयेकडे वळतो. म्हणजे खराब हवेची वर्दी ज्या दिशेने येते, त्याच दिशेला तुमच्या मुक्कामाचं दार उघडं आहे. तो वारा चढला की व्हिलेज बे हा आसरा राहत नाही. मागे खडक आणि किनारा, पुढून लाटा. वर परतीची वाट जवळजवळ सरळ पूर्वेकडे असल्यामुळे तोच वारा पुढे दहा तास तोंडावर येतो.

कोकणात होड्या चालवलेल्या माणसाला इथे एक सवय सोडावी लागते. आपल्याकडे ऑक्टोबर ते मे दिवसाचं गणित ठरलेलं असतं: दुपारी खारा वारा, रात्री-पहाटे मतलई. पहाटे बाहेर पडलं की जमिनीवरचा वारा मदत करतो. दोनेक मैल लांबीच्या या बेटाला असली मतलई नाही. इथला वारा घड्याळावर चालत नाही, कमी दाबाच्या क्षेत्रांवर चालतो. 'संध्याकाळी पडलाय, पहाटेपर्यंत असाच राहील' या वाक्याला सेंट किल्डात काही अर्थ नाही.

वारा फिरल्याचं ओळखायला एक सोपी खूण आहे, आणि ती मुलांनाही जमते. नांगरलेली नौका नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाऱ्याकडे करून उभी राहते. गावाच्या जुन्या रस्त्यावर उभं राहून उपसागराकडे पाहा. पश्चिमेचा-वायव्येचा वारा असेल तर तुमच्या नौकेची नाळ तुमच्याकडे, म्हणजे घरांकडे असेल. ती हळूहळू फिरून आडवी दिसू लागली तर लक्ष द्या. नौकेची पाठ तुमच्याकडे आणि नाळ समुद्राकडे झाली, तर असाल तिथून उठून नौकेवर जा, हातातला चहा संपायची वाट बघू नका. वारा अगदीच पडला असेल तर नौका स्वेलवर (लांबून येणाऱ्या संथ लाटांवर) किंवा प्रवाहावर कशीही फिरते, तेव्हा ही खूण चालत नाही. पाण्यावरची सुरकुती आणि ढग बघा. मुलीला हे काम नेमून द्या: दर पंधरा मिनिटांनी नौका कुठे तोंड करून आहे ते सांगायचं. अकरा वर्षांच्या मुली हे काम बाबांपेक्षा चोख करतात.

आजोबांकडे बॅरोमीटरची वही द्या. दुपारी बारापासून दर तासाला आकडा, वाऱ्याची दिशा, ढग. ब्रिटिश हवामान खात्याच्या भाषेत तीन तासांत ३.६ ते ६ हेक्टोपास्कल उतार म्हणजे 'झपाट्याने घसरण', त्याहून जास्त म्हणजे 'फार झपाट्याने'. कुटुंब बरोबर असताना मी तिथवर थांबत नाही. तीन तासांत दोनच्या वर उतार, पश्चिमेकडून पिसांसारखे उंच ढग दाट होत येताहेत आणि वारा डावीकडे सरकतोय, म्हणजे पश्चिमेचा नैर्ऋत्य, मग दक्षिण, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर पहाटेची वाट बघायची नाही. त्याच संध्याकाळी निघायचं. आणि अंदाजात दिसतंय की वारा आणखी वाढणार, समोरून येणार आणि वाटेतच गाठणार, तर मुळात आदल्या दिवशीच निघायला हवं होतं. म्हणून हा हिशोब शेवटच्या दिवसापुरता ठेवू नका, पोचल्यापासून रोज करा.

अंदाज कुठला ऐकायचा, यातही लोक गोंधळतात. किनारी पाण्याचा अंदाज किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचा असतो. सेंट किल्डा त्याच्या बाहेर पडतं. तुमच्यासाठी शिपिंग फोरकास्टमधला, म्हणजे खुल्या समुद्राच्या अंदाजातला, 'हेब्रिडीज' हा विभाग, आणि पुढे काय येतंय ते कळायला 'रॉकॉल' आणि 'बेली'. कोस्टगार्ड व्हीएचएफ रेडिओवर दर तीन तासांनी प्रसारण करतं, त्याची सूचना चॅनल १६ वर देतं. निघण्यापूर्वी त्या दिवसांचं वेळापत्रक कागदावर लिहून नकाशाच्या टेबलाशी चिकटवा. नौकेवर नॅव्हटेक्स (समुद्री इशारे अक्षरांत दाखवणारं यंत्र) असेल तर तो चालू आहे ना ते बंदरातच बघा. फोनवरच्या रंगीत नकाशांवर आणि रेंजवर भिस्त ठेवू नका.

सहा वाजताचा निर्णय म्हणजे काय? नौकेवर, नकाशासमोर, दोघांनी बसून घ्यायचा: पहाटे चार, की आत्ताच, की उद्या इथेच. किनाऱ्यावर, मुलं खेळताहेत, ऊन छान पडलंय, अशा वेळी हा निर्णय कधीच नीट होत नाही. उत्तर नेहमी 'होईल सगळं' असंच येतं. दोघांपैकी तांडेल एकच, आणि 'नको' म्हणायचा अधिकार मात्र दोघांनाही. एकाने नको म्हटलं की चर्चा संपली. हे घरीच ठरवून या.

आता तुमचा मूळ प्रश्न, रात्री की पहाटे. जुलैच्या सुरुवातीला तिथे सूर्य रात्री साडेदहाच्या सुमारास मावळतो आणि पावणेपाचच्या आधीच उगवतो. ५७ अंश ४९ मिनिटे उत्तर अक्षांशावर त्या दिवसांत मध्यरात्रीही सूर्य क्षितिजाखाली जेमतेम नऊ-दहा अंश जातो, त्यामुळे ढग नसतील तर काळाकुट्ट अंधार होत नाही. म्हणून रात्रीचा प्रवास अशक्य नाही, बरेच लोक करतात. तरी मी तुम्हाला पहाटच सुचवतो, मुख्यतः साउंड ऑफ हॅरिसमुळे.

हॅरिस आणि नॉर्थ यूइस्टमधली ही सामुद्रधुनी उथळ, खडकांनी आणि बेटुकल्यांनी भरलेली आहे. बोयांनी, म्हणजे तरंगत्या खुणांनी, आखलेल्या वाटा आहेत, पण त्या वाकड्यातिकड्या आहेत आणि प्रवाह तुम्हाला आडवा ढकलतो. एका बोयावरून पुढचा डोळ्यांनी शोधावा लागतो. संध्याकाळी साडेनऊला निघालात तर सकाळी सात-आठला इथे पोचाल: रात्रभर जागलेले, आग्नेयेकडे तोंड, आणि कोवळं ऊन डावीकडून पाण्यावर चमकतंय. हिरवा बोया की लाल, ते कळत नाही. पहाटे चारला निघालात तर दुपारी एक-दोनला पोचता, ऊन डोक्यावर, डोळे ताजे. प्रवाहाचंही एक विचित्र गणित आहे. सेलिंग डिरेक्शन्स या नाविकांच्या मार्गदर्शक पुस्तकात नोंद आहे की उन्हाळ्यात, भांगाच्या दिवसांत (भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा), इथला प्रवाह दिवसभर अटलांटिककडून पूर्वेच्या मिंच या समुद्राकडे वाहतो आणि रात्री बहुतांश उलट. हिवाळ्यात बरोबर याच्या विरुद्ध. उधाणाच्या दिवसांत हा नियम नाही, तेव्हा साधारण भरतीला आत आणि ओहोटीला बाहेर. म्हणजे तुमची तारीख भांगाजवळ असेल तर दुपारी प्रवाह पाठीशी. पंचांग घरात असेलच: अष्टमीनंतरचे दोनेक दिवस बघा. आकडे मात्र टाइड टेबलमधूनच घ्यायचे.

धुकं असेल तर साउंडमध्ये शिरू नका. पहाटे चारला धुकं दिसलं तर नांगर उचलूच नका.

काम दुपारी चार ते सहा. सगळ्यात आधी डिंगीचं इंजिन. लोक हे शेवटी, जेवून आल्यावर, अर्धवट उजेडात करतात आणि तिथेच बोटं चेंगरतात, इंजिन पाण्यात जातं. वीस-पंचवीस किलोचं ते धूड एका हाताने नौकेच्या मागच्या कठड्यावर चढवायचा प्रयत्न करू नका. इंजिनाच्या कॉलरला दोर बांधा, तो बूमच्या (मुख्य शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याच्या) टोकाकडच्या पुलीतून घ्या. एक जण डिंगीत बसून, उभं राहून नाही, क्लॅम्प सैल करणार. दुसरा वरून दोर ताणून धरणार. स्वेलने डिंगी वर आली की दोरातली ढील खेचून घ्यायची, आणि ती खाली जाताना इंजिन आपोआप सुटून वर लटकतं. जोर लावावा लागत नाही, वेळ साधावी लागते. इंजिन चढल्यावर संध्याकाळी किनाऱ्यावर जायला वल्ही पुरेत. जिथे नांगरता तिथून धक्का लांब नसतो. वारा किनाऱ्याकडून बाहेर जोरात वाहत असेल तेव्हा मात्र वल्ह्यांवर जायचंच नाही, नौकेवरच जेवा. रात्री परतल्यावर डिंगीही डेकवर उलटी बांधायची. तिला मागे ओढत अटलांटिक ओलांडायचा विचारही नको.

बाकीचं पटकन. इंजिन ऑइल, समुद्राच्या पाण्याची गाळणी, बिल्ज म्हणजे तळाशी साचणारं पाणी. दिवे लावून बघा. डेकवरून नाळेपर्यंत हार्नेस अडकवायच्या पट्ट्या ताणून बांधा. मुख्य शीड एक रीफ घेऊनच, म्हणजे एक टप्पा आखडूनच, तयार ठेवा. मोकळं सोडायला दोन मिनिटं लागतात, लाटांवर आखडायला वीस. खालच्या केबिनमध्ये जे पडू शकतं ते पडणार असं धरून आवरा. साखळीचा हिशोब पुन्हा करा: ओहोटीला सहा मीटर खोली, उधाणाची तीनेक मीटर वाढ, नाळेची उंची एक मीटर, म्हणजे दहा. याच्या चौपट, चाळीस मीटर साखळी, ही किमान. वारा वाढला तर पन्नास-साठ. जीपीएसचा नांगर-अलार्म लावा, शिवाय किनाऱ्यावरच्या दोन ठळक खुणांचे बेअरिंग (होकायंत्रावरची दिशा) वहीत लिहा. आणि किनाऱ्यावर ज्यांना तुमचा प्रवास माहीत आहे त्यांना पोचण्याची वेळ कळवा, 'या वेळेपर्यंत निरोप नाही आला तर कोस्टगार्डला फोन' अशी दुसरी वेळही द्या. बेटावरून निरोप जाईल याची खात्री नसते, म्हणून हे निघतानाच ठरलेलं बरं.

शेगडीबद्दल. हिर्टा १९५७ पासून नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडकडे आहे, १९८६ पासून जागतिक वारसा आहे. तिथले रेन नावाचा चिमुकला पक्षी आणि रानउंदीर यांच्या खास उपजाती जगात दुसरीकडे नाहीत. विस्तव नाही, कुत्रा नाही, आणि सगळ्यात मोठी भीती बाहेरून येणाऱ्या घुशी-उंदरांची: नौकेवर उंदीर असल्याची शंका जरी असली तरी किनाऱ्याला लागायचं नाही. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या वसाहती एक गाभण घूस संपवू शकते. किनाऱ्यावर नेण्याच्या पिशव्या आधी उलट्या करून झटकून घ्या. उतरल्यावर तिथल्या रेंजरना भेटा, ते त्या आठवड्यात कुठे जायचं नाही ते सांगतात. भाजलेले मासे लेव्हरबरात खा.

तसंही त्या संध्याकाळी पोटात जड काही नको. साधा वरण-भात किंवा मऊ खिचडी, तूप बेताने, तिखट नाही. उद्यासाठी दशम्या घरूनच करून न्या. दुधातल्या असल्या तरी स्कॉटलंडच्या थंडीत दोन-तीन दिवस आरामात राहतात, आणि हेलकावणाऱ्या नौकेवर हातात धरून खायला याहून सोयीचं काही नाही. ब्रेडची सँडविच करत बसायला खाली केबिनमध्ये जावं लागतं, आणि तिथेच उलटी होते. आल्याचा चहा थर्मासात. दारू नाही, शेवटची संध्याकाळ असली तरी. बोट लागू नये म्हणून सिनारिझिन घेणार असाल तर ते निघण्याच्या दोन तास आधी पोटात जावं लागतं, म्हणजे तुमच्या बाबतीत रात्री दोनला गजर. मळमळू लागल्यावर घेऊन उपयोग नाही. मुलांची मात्रा आणि आजोबांची रक्तदाबाची वगैरे औषधं यांचं डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारा, आणि भारतातली गोळी व इथली गोळी यांची ताकद वेगळी असते हे लक्षात ठेवा.

सहाला निर्णय झाला, पहाटे चार ठरलं, नौका तयार आहे. आता साडेसहा ते नऊ तुमचे. कॉनाखर सकाळीच झालेला असेल. ४३० मीटरवर एकदम कडा तुटलेली, वाटेत बॉन्क्सी पक्षी डोक्यावर झेप घेतात, दमलेल्या मुलांना संध्याकाळी तिथे नेण्यात हशील नाही. गावातच फिरा. अर्धचंद्राकार एकच रस्ता, १८६० च्या दशकातली घरं, मागे उतारावर दगडी क्लेट. दगड रचून वर गवताची ढेकळं टाकलेल्या या कोठारांतून वारा आरपार जातो आणि आत ठेवलेले पक्षी, अंडी, लोकर, गवत कोरडं राहतं. एकट्या हिर्टावर अशी बाराशेहून जास्त आहेत. मुलांना मोजू द्या, आत शिरू देऊ नका.

आणि मुलांना १९३० सांगा. मे महिन्यात बेटकऱ्यांनी सरकारला अर्ज केला की आम्हाला इथून न्या. तरुण माणसं निघून गेलेली, उरलेल्यांना हिवाळा झेपत नव्हता. मेंढ्या-गुरं आधी दुसऱ्या जहाजाने गेली. २९ ऑगस्टच्या सकाळी शेवटचे ३६ जण 'हेअरबेल' या नौदलाच्या जहाजावर चढले. घराघरांत उघडं बायबल आणि ओटची छोटी रास ठेवून त्यांनी दारं लावून घेतली असं सांगतात. त्या जहाजावरची रेचल जॉन्सन तेव्हा आठ वर्षांची होती, तुमच्या मुलाएवढी. २०१६ साली ती गेली तेव्हा बेटावर जन्मलेलं कुणी उरलं नाही. मुलगा हमखास विचारेल की आपण परत जातोय तसेच ते का नाही परत आले. त्याचं उत्तर आजोबांवर सोडा.

नऊला डिंगीत, साडेनऊला ती डेकवर, दहाला सगळे आडवे. मोठ्यांपैकी एकाने रात्री बारा आणि दोनला उठून बेअरिंग, बॅरोमीटर, आकाश बघायचं. साडेतीनला पुन्हा अंदाज. मुलांना झोपू द्या. लाइफ जॅकेट उशाशी, बंकला आडवं कापड बांधलेलं.

वाटेत बोरेरेला वळसा घालायचा मोह होईल. हवा चांगली असेल तर घाला, तास-दीड तास जास्त लागतो. स्टॅक ली १७२ मीटर आणि स्टॅक अॅन आर्मिन १९६ मीटर, दोन्ही पाण्यातून सरळ उभे, गॅनेट पक्ष्यांनी पांढरे झालेले. जवळ जाऊ नका, सुळक्यांखाली लाटा उलट फुटून पाणी खवळलेलं असतं आणि वारा अचानक मरतो. आणि वळसा घातला तर साउंडला पोचायची वेळ नव्याने काढा.

शेवटचं, तुम्ही विचारलेलं नाही ते. भाड्याची नौका परत द्यायची तारीख तुम्ही पोचण्याच्या दुसऱ्याच दिवशी ठेवली आहे. ती दोन दिवस पुढे ढकला, आत्ताच, जास्तीचे पैसे भरून. दंड पडेल म्हणून वाऱ्यात निघालेली कुटुंबं मी बंदरात उतरताना बघितली आहेत. मुलं पुढे पुन्हा नौकेवर पाय ठेवायला तयार नसतात. दोन दिवस वाचलेच तर लेव्हरबराहून मिंच ओलांडून स्कायला जा.